मामंजींच्या पायांचं काय करायचं

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे भागोजी, बसले तरी त्यांचे पाय बसत नसत. पाटावर जेवायला बसले की मांडीतला अंगठा हलत राही, ओटीवर सुपारी कातरायला बसले की टाच जमिनीवर ठोकत राही. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, ह्यांना कुठे जायची घाई असते? मग मागच्या आगरात, माडा-पोफळींच्या बागेत गेले, रहाट पाहिला, आणि कळलं. ते पाय उभा जन्म फिरत आले होते, त्यांना थांबायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

आता पंप आले, कळ दाबली की पाणी. नातवंडांना पायरहाट म्हटलं तर ती माझ्याकडे बघत राहतात, म्हणून सांगते. विहिरीवर लाकडाचं मोठं चाक, त्यावरून काथ्याची माळ खाली पाण्यात सोडलेली, आणि माळेला मडकी बांधलेली. चाकाशेजारी बसायला फळी. तिच्यावर बसून माणूस चाकाच्या दांड्या हातांनी ओढतो आणि पायांनी रेटतो. एकेक मडकं भरून वर येतं, पन्हळीत ओततं आणि रिकामं होऊन परत खाली जातं. पन्हळीतलं पाणी पाटाला, पाटातलं माडा-पोफळींच्या आळ्यांना. दिवाळी झाली की पाऊस लागेपर्यंत हे रोजचं. ज्यांच्याकडे बैल होते त्यांचे रहाट बैल फिरवीत. आमच्याकडे मामंजी होते.

आमचं घर भाट्याच्या खाडीपलीकडे, समुद्राच्या अंगाला. तरीतून, म्हणजे होडीतून, खाडी उतरलं की रत्नागिरी. मी सांगते ते साल बत्तीस की तेहतीस, ते नक्की आठवत नाही, पण माझा थोरला पाळण्यात होता. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. घरात मामंजी, मी आणि ते पोर. आमचे हे मुंबईला गोदीत होते, त्या वर्षी मुकादम झाले होते. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आता ह्या वयात सुरुवात करत नाही. मामंजी त्यांना आत्मा म्हणत, त्यावरून काय ते समजा.

मुकादम झाल्यावर हे पहिल्या दिवाळीला आले ते बोटीतून एक आरामखुर्ची घेऊन. कापडाची, घडीची, हात टेकायला लाकडी दांडे. ती ओटीवर मांडली आणि बापाला धरून तिच्यात बसवलं. म्हणाले, बाबा, पुष्कळ केलंत, आता पाय पसरून बसायचं. मुलगा मुंबईत मुकादम आणि बाप रहाटाला जुंपलेला, लोक काय म्हणतील? रहाटासाठी त्यांनी वाडीतला रामा ठरवून टाकला. आणि निघताना एवढंही सांगून गेले, की तुम्ही परत रहाटावर बसल्याचं माझ्या कानावर आलं तर पुढच्या बोटीने मुंबईला नेईन.

मुंबईच्या नावाला मामंजी भीत. एकदा ते तिथे राहून आले होते. गावच्या मंडळींची खोली, तिच्यात माणसं अशी निजायची की एकाने कूस बदलली तर सगळ्यांनी बदलायची. मामंजींना झोप येईना, म्हणून चाळीच्या गॅलरीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारीत. शेवटी खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन वर आले. मामंजी म्हणत, जिथे पाय टाकला तर दुसऱ्याच्या डोक्यावर आवाज होतो, तिथे माणसाने राहावं कसं?

म्हणून ते खुर्चीत बसले. मुलाचं मन राखायला आणि मुंबईच्या भीतीने. सबंध कार्तिक बसले, मार्गशीर्ष बसले. पाय मात्र खुर्चीतही चालूच. टाचेखाली ओटीची जमीन उकरून खळगा पडला, दर सारवणाला मला तिथे मातीचा गोळा घालून चोपावं लागे. भाकरी अर्धी राहू लागली. झोप गेली, पोट धरलं. जे गुडघे आयुष्यात कधी दुखले नव्हते ते कुरकुरायला लागले. दिवसभर कान आगराकडे. रहाटाचा आवाज थांबला की म्हणायचे, “थांबला. बिडी पेटवली मेल्याने.” परत सुरू झाला की म्हणायचे, “उलट्या पायाने रेटतोय.” माणूस कधी कुणाशी वाकडं बोलला नव्हता, तो अंगणातल्या कावळ्याशी भांडायला लागला.

पौषात मला राहवेना. पोराला कडेवर घेतलं, मामंजींना पुढे घातलं आणि तरीतून रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने छाती ठोकली, पोट दाबलं, जीभ बघितली. म्हणाला, आजार काही नाही, अंगाला हालचाल नाही. रोज सकाळी फिरायला जात जा. मामंजींनी विचारलं, कुठे? डॉक्टर म्हणाला, कुठेही, नुसतं फिरून यायचं.

परत येताना तरीत मामंजी पाण्याकडे बघत म्हणाले, “तुळसे, एवढा शिकलेला माणूस, पण कुठे जायचं ते त्याला सांगता येईना गो.”

तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाले. डॉक्टरचं औषध म्हणून धुतलेलं धोतर नेसले, खांद्यावर उपरणं टाकलं आणि मोकळ्या हाताने चालू पडले. मी चुलीपाशी होते, मला बरंच वाटलं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. त्या काळी आमच्यात कुणी रिकाम्या हाताने घराबाहेर पडत नसे. हातात कोयती असायची, नाहीतर काखेत टोपली, निदान बगलेत कोंबडी. आणि वाटेत दर दाराशी थांबून पान-तंबाखू होत होत माणूस पुढे सरकायचा. उजाडता उजाडता, धुतलेलं धोतर नेसून, मोकळ्या हाताने, भराभरा, कुणाच्या दारी न थांबता माणूस निघाला, तर त्याचा अर्थ एकच. घरात कुणीतरी गेलंय आणि हा नातलगांना सांगावा द्यायला चाललाय. अशा माणसाला कुणी हाक मारत नाही, कुठे म्हणून विचारत नाही. तो दिसेनासा झाला की आपण उठायचं आणि त्याच्या घरी जायचं.

मामंजी खालच्या वाडीतून तसेच गेले. थांबले नाहीत, कारण कुणी विचारलं असतं तर काय सांगणार? नुसतंच फिरतोय म्हणायची त्यांना लाज वाटत होती. मान खाली घालून चालत राहिले. ती खाली घातलेली मान बघून तर कुणाला शंकाच उरली नाही. आता भागोजीच्या घरात गेलं कोण? तो स्वतः चालतोय. पोर पाळण्यातलं, तेवढ्यासाठी एवढा सांगावा लागत नाही. आणि आदल्या दिवशीच सून तरीतून डॉक्टरकडे जाताना सगळ्यांनी बघितली होती.

मी तांदळाची भाकरी थापत होते आणि अंगणात रडणं ऐकू आलं. राहीकाकींचा आवाज मी शंभरात ओळखीन. वाडीतली कुठलीही गोष्ट आधी त्यांच्याकडे जाते आणि मग जगाकडे. त्या रडत माझे गुण सांगत होत्या. कधी उलट बोलली नाही, हाताला चव होती, पोर लहान ठेवून गेली. खरं सांगते, मी थोडा वेळ ऐकत बसले. एवढे गुण मला जिवंतपणी कुणी सांगितले नव्हते. मग पिठाच्या हातांनी बाहेर आले तर अंगणात पंधरा-वीस माणसं, दोघांच्या खांद्यावर हिरवे बांबू, एकाच्या हातात काथ्याची दोरी.

मला बघून राहीकाकींनी पदराने डोळे पुसले आणि माझ्यावरच उखडल्या.

“मेली नाहीस तर तसं सांगायचंस ना गो. मी चूल विझवून आलेय.”

तेवढ्यात मामंजी फिरून परत आले. अंगणात गर्दी, बांबू, दोरी बघितली आणि धावत सुटले. मला उभी बघितली तेव्हा कुठे थांबले. कोण गेलं, त्यांनी विचारलं. एकजण हसला, आणि त्यानंतर अंगणात जे हसू फुटलं ते आवरता आवरेना. सगळ्यांना गुळाचा कोरा चहा केला. आणलेले बांबू परत न्यायचे नसतात म्हणे, म्हणून मामंजींनी ते आगराच्या वईला, म्हणजे कुंपणाला, लावून टाकले.

ही बातमी आप्पांपर्यंत गेली. आप्पा कस्टममधून पेन्शन घेतलेले, किनाऱ्याजवळ राहायचे. ते रोज फिरायला जात, पण त्यांच्या अंगात कोट, पायात मोजे, हातात काठी. एवढं बघितलं की माणूस विनाकारण चाललाय हे लांबूनच समजे. ते मामंजींना म्हणाले, माझ्याबरोबर चल, कुणी विचारणार नाही. काही दिवस दोघं गेले. पण आप्पा गोष्ट सांगायला लागले की थांबायचे, आणि कस्टमच्या गोऱ्या साहेबाच्या गोष्टींना तोटा नव्हता. मामंजी बिचारे उभ्या उभ्या पाय हलवीत. शिवाय वाटेत पडलेली झावळ, शेणी, सुकी काटकी त्यांच्याने सोडवेना. घरी येताना काखेत भारा. आप्पा म्हणाले, मी फिरायला निघतो रे, मोळीला नव्हे. तिथे त्यांचं बिनसलं.

मग एका सकाळी मी आगरात कपडे वाळत घालायला गेले आणि थबकले. रहाटाचा आवाज निराळा होता. रामाचा रहाट अडखळायचा, थांबायचा, पुन्हा करकरायचा. हा एकसारखा चालला होता, मडक्यामागून मडकं, ओतणाऱ्या पाण्याची धार तुटत नव्हती. मी पोफळीआडून बघितलं. फळीवर मामंजी. धोतराचा काचा मारलेला, अंग उघडं, घामाने चमकणारं, आणि तोंडावर जे होतं ते मी दिवाळीनंतर बघितलं नव्हतं. खाली रामा फावड्याने आळ्यांना पाणी फिरवत होता.

मामंजींनी मला बघितलं. पाय थांबले नाहीत. म्हणाले, “रामाला जरा विसावा देतोय.”

दुपारी मी भाकऱ्या जास्त थापल्या. सगळ्या संपल्या. त्या दिवसापासून मीही त्या चोरीत सामील झाले. रामा घाबरला होता, त्याला वाटलं आपलं काम जातंय. त्याला समजावलं, की एकाने रहाट फिरवायचा तर दुसऱ्याने पाणी फिरवायला हवंच, तू कुठे जातोस? धास्ती मला एकच होती. ह्यांच्या कानावर गेलं, तर मामंजींना उचलून त्या खोलीत नेऊन टाकतील, आणि तिथे हा माणूस एक पावसाळा काढायचा नाही.

आप्पा एकट्याने फिरून कंटाळले, तेव्हा मामंजींना शोधत आगरात आले. बघितलं आणि रागावले, ह्या वयात हे शोभतं का, म्हणाले. मग काठी टेकून थोडा वेळ बघत राहिले. मग विचारलं, जड जातं का रे? मामंजी खाली उतरले आणि फळी पुसून दिली. आप्पा एकदा बसले ते उतरायचं नाव घेईनात. दुसऱ्या दिवशी कोट पोफळीला टांगलेला, मोजे काढून खिशात, आणि पेन्शनर फळीवर. धाप लागली की उतरायचे, मामंजी चढायचे, तोवर साहेबाची गोष्ट. आता गोष्ट ऐकताना मामंजींचे पाय चालू असत, म्हणून त्यांना गोष्ट आवडायला लागली.

एकदा वईपलीकडून कुणीतरी जाताना आप्पांना रहाटावर बघितलं आणि उभं राहिलं. कस्टमचा पेन्शनर दुसऱ्याच्या आगराला पाणी काढतोय हे कसं सांगायचं? आप्पा मोठ्या अधिकाराने म्हणाले, “भजन चाललंय.”

आता म्हटलं तर करायला हवं. दुसऱ्या दिवशी टाळ आले. मामंजींची चुलतबहीण जनीआत्या शेजारीच राहायच्या. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, पण गळा शाबूत होता. त्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून अभंग म्हणू लागल्या. रहाटाला ताल आपोआपच असतो, टाळ त्याला धरून चालायचे. मग गंगाराम तांडेल आले, ज्यांचं गलबत विकल्यापासून पाय घरात अडकले होते. नियम झाला, एका अभंगाला एकाने बसायचं. मामंजी बसले की जनीआत्यांना दम लागायचा इतका अभंग पळे. आप्पांच्या वेळी तो इतका लांबे, की रामा फावड्यावर रेलून पाण्याची वाट बघायचा. आप्पांची पाळी जास्त झाली त्या दिवशी खालची रांग कोरडी राही.

शेवटी राहीकाकी आल्या. खरं तर बघायला आणि चार ठिकाणी सांगायला आल्या होत्या. तोंडावर पदर घेऊन हसल्या, मग कट्ट्यावर टेकल्या, मग म्हणाल्या, मी लहानपणी माहेरी रहाट फिरवलाय, बघू तरी जमतो का. जमला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. मला वाटलं, आता जगाचं तोंड बंद झालं.

पण बातम्या वईवरूनही जातात. शिमग्याच्या आधी हे न सांगता आले. बोटीतून उतरून, खाडी ओलांडून थेट मागच्या बाजूने आगरात शिरले, ट्रंक हातातच. मी पोराला कडेवर घेऊन उभी होते. फळीवर मामंजी, टाळ रंगात आलेले. ह्यांना बघितलं आणि एकेक टाळ गप्प झाला. मामंजींचे पाय थांबले. एक भरलेलं मडकं पन्हळीच्या तोंडाशी येऊन तसंच लोंबकळत राहिलं.

“बाबा, उतरा,” हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “परतीच्या बोटीने तुम्ही माझ्याबरोबर येताय.”

मामंजी उतरले नाहीत. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून बसले.

“आत्मा,” ते म्हणाले, “तू बसवलंस तिथे मी बसलो रे. बसून बसून माझे पाय मेले होते. इथे बसतो तर जेवतो, झोपतो. मुंबईत तू मला कुठे बसवशील?”

ह्यांनी ट्रंक खाली ठेवली. राग होता, पण त्याच्याखाली दुखावल्यासारखं काही होतं, ते मला दिसलं. म्हणाले, “खोलीत सगळ्यांसमोर बोलले मला. म्हणाले, तू मुकादमकी करतोस आणि म्हातारा पाणी काढतो. मी काय तोंड दाखवू? लोक काय म्हणतात ते तुम्हाला...”

“कुठले लोक?” आप्पांनी विचारलं. ते अनवाणी होते, नुसत्या बंडीवर, हातात टाळ. “अरे, ह्या वाडीत बोलणारे जेवढे लोक आहेत तेवढे इथे बसलेत. मी आहे, तांडेल आहे, तुझी आत्या आहे. आणि ही राही. हिच्या तोंडून गेल्याशिवाय इथली बातमी कधी मोठी झालीय? विचार तिला, लोक काय म्हणतात.”

हे राहीकाकींकडे वळले. काकींनी पदर खोचला.

“लोक म्हणतात, ह्या अभंगानंतर माझी पाळी होती आणि हा मेला मध्येच आला.”

आधी गंगाराम तांडेल हसले. मग जनीआत्या. हे हसले नाहीत. बापाकडे बघत राहिले, त्यांच्या दंडांकडे, पोटऱ्यांकडे. दिवाळीला खुर्चीत बसवून गेले होते तो माणूस आणि हा माणूस ते मनात पडताळून बघत असावेत. मग एकाएकी माझ्याकडे वळले. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. पण त्यांनी विचारलं, जेवतात का? मीही सांगून टाकलं, की काल भाकऱ्या तव्यावरून उतरायच्या आत संपल्या, आणि वर मला बोलणी बसली, की कालवण पुरलं नाही.

त्यावर ह्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले, बूट काढले आणि म्हणाले, चालू द्या तुमचं भजन.

मामंजींनी पाय रेटले. ते लोंबकळणारं मडकं पन्हळीत ओतलं, टाळ धरले गेले, जनीआत्यांनी सोडलेली ओळ उचलली. अभंग संपला, राहीकाकींची पाळी झाली, मग आप्पांची. ह्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागलेली मी बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. उठून म्हणाले, मी बसून बघू का थोडा?

जनीआत्यांनी टाळ खाली केले आणि भाच्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“तुला अजून अवकाश आहे रे बाबा. आधी केस पांढरे होऊ देत.”

मामंजी हसले ते पाय न थांबवता. मग हे मुकादम विजारीचे पाय दुमडून खाली उतरले, रामाने त्यांच्या हातात फावडं दिलं, आणि शिमगा होईपर्यंत रोज सकाळी बापाने काढलेलं पाणी त्यांनी आळ्यांना फिरवलं. दोनदा पाट फोडला, तेव्हा रामाने त्यांना सगळ्यांसमोर झापलं. त्यांनी ते ऐकूनही घेतलं.